जोडणाऱ्याच्या हातातले ड्रॉइंग

डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये पाइपचे काम चालू असले, की वेल्डरच्या टेबलाशेजारी अडकवलेला एक कागद हमखास दिसतो. त्यावर प्लॅन नसतो, एलिव्हेशन नसते. एकच जाड रेषा वळणे घेत कागदभर फिरलेली असते. तिचा जवळजवळ प्रत्येक तुकडा एकतर सरळ उभा असतो, नाहीतर आडव्याशी तीस अंश करून डावीकडे किंवा उजवीकडे गेलेला असतो. कोपऱ्यात उत्तरेचा बाण, एका अंगाला मालाची यादी, रेषेवर ठिकठिकाणी वेल्डचे क्रमांक. शेडमध्ये याला नुसते ‘आयसो’ म्हणतात. आयसो हाती आल्याशिवाय फिटर कटिंगला हात घालत नाही.

तेच ड्रॉइंग ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कॉलेजांत आणि पॉलिटेक्निकमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना वेगळ्या रूपात भेटते. तिथे तो प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न असतो: दोन-तीन दृश्ये दिली आहेत, त्यांवरून आयसोमेट्रिक काढा. मुले त्याला चित्र समजतात. ज्याचा हात चांगला त्याला ते जमते, बाकीचे सरावाच्या शीट पाठ करून निभावून नेतात. या पुस्तकाचा सगळा खटाटोप या एका समजुतीविरुद्ध आहे. आयसोमेट्रिक हे मोजमापाचे ड्रॉइंग आहे. ते जन्माला आले तेच मुळी वस्तू जोडणाऱ्या माणसासाठी, आणि दोनशे वर्षे उलटली तरी त्याचा खरा वाचक तोच आहे. हे धरून शिकले तर चित्रकलेत ज्याला कधी शाबासकी मिळाली नाही त्यालाही ते येते. वर्गात हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितो.

नवख्या वाचकासाठी आधी मूळ गोष्ट. एक घन टेबलावर ठेवा. तो उभ्या अक्षाभोवती पंचेचाळीस अंश फिरवा, म्हणजे एक उभी कड तुमच्या नाकासमोर येईल. आता त्याचा वरचा भाग तुमच्याकडे ३५ अंश १६ मिनिटे कलता करा. घनाच्या एका कोपऱ्यातून थेट समोरच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण आता तुमच्या नजरेच्या रेषेत आला. जवळचा कोपरा आणि सर्वांत लांबचा कोपरा एकाच बिंदूवर दिसतात, घनाची बाह्यरेषा नियमित षटकोन होते आणि जवळच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा एकमेकींशी १२० अंशांचा कोन करतात. तिघींची लांबी सारख्याच प्रमाणात आखूड दिसते. ते प्रमाण म्हणजे दोन तृतीयांशाचे वर्गमूळ, ०.८१६. शंभर मिलिमीटरची कड कागदावर ८१.६ मिलिमीटर येते, मग ती लांबीची असो, रुंदीची असो की उंचीची.

तिन्ही दिशांना एकच प्रमाण, यातच या पद्धतीचे सारे बळ आहे. पर्स्पेक्टिव्हमध्ये लांबची वस्तू लहान होत जाते, कल्याणच्या यार्डातले रूळ क्षितिजावर एकत्र येतात. डोळ्याला ते खरे वाटते, पण त्यावर पट्टी ठेवून काही मोजता येत नाही. आयसोमेट्रिकमध्ये लांबची कड आणि जवळची कड सारखीच. मोठी वस्तू काढली तर तिचा मागचा भाग किंचित फुगल्यासारखा दिसतो. डोळ्याचे एवढे नुकसान सोसून आपण माप मिळवतो, आणि कारखान्यात हा सौदा फायद्याचाच आहे.

प्रत्येक माप ०.८१६ ने गुणत बसणे कुणाला परवडणार? म्हणून कामाच्या जागी मापे पुरी घेतात. अशा ड्रॉइंगला आयसोमेट्रिक व्ह्यू म्हणतात. खऱ्या प्रक्षेपापेक्षा ते सुमारे साडेबावीस टक्के मोठे येते, रूप मात्र तेच राहते. मापे आखूड करून काढले तर ते आयसोमेट्रिक प्रोजेक्शन, आणि त्यासाठी आयसोमेट्रिक स्केल लागते. एका बिंदूतून आडव्याशी ३० आणि ४५ अंशांच्या दोन रेषा काढायच्या, ४५ च्या रेषेवर खरी मापे घ्यायची आणि त्या खुणांवरून उभ्या रेषा सोडून ती ३० च्या रेषेवर उतरवायची. दोहोंतला फरक परीक्षेत विचारतात आणि मुलांनी तो पाठ केलेला असतो. स्केल स्वतः काढून पाहिलेली मुले थोडीच निघतात.

समांतर रेषांनी खोली दाखवण्याची रीत फार जुनी आहे. चिनी चित्रांच्या लांबलचक गुंडाळ्यांत आणि आपल्याकडच्या लघुचित्रांत वाड्यांच्या गच्च्या, ओटे, चौथरे समांतर कडांनीच काढलेले दिसतात. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की आणि आल्बेर्टी यांनी पर्स्पेक्टिव्हचे गणित बसवले आणि युरोपातली चित्रकला त्या वाटेने गेली. बांधकाम करणाऱ्यांची गरज वेगळी होती. तिथले लष्करी अभियंते किल्ल्यांचे तट दाखवायला समांतर प्रक्षेपच वापरत राहिले, कारण त्यांना तटाची जाडी कागदावरून मोजायची असे.

याच लष्करी कामातून आधुनिक ड्रॉइंगचा पाया घातला गेला. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेझिएरच्या शाळेत गास्पार मोंज या तरुणाने तटबंदीचा एक किचकट प्रश्न लांबलचक आकडेमोडीऐवजी ड्रॉइंगवर सोडवून दाखवला. ही रीत इतकी उपयोगाची ठरली की कित्येक वर्षे ती लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १७९५ मध्ये पॅरिसला मोंजने ती खुलेपणाने शिकवली. समोरून एक दृश्य, वरून एक दृश्य, दोन्ही एकमेकांशी रेषांनी बांधलेली: आज पहिल्या वर्षाच्या प्रत्येक शीटवर जे प्लॅन आणि एलिव्हेशन आपण काढतो ते मोंजचे देणे आहे. या पद्धतीत माहिती पुरी असते, पण ती तुकड्यांत असते. तुकडे जोडून वस्तू उभी करण्याचे काम वाचणाऱ्याच्या डोक्यावर पडते. ज्याला ती सवय नाही त्याच्या हातात तीन दृश्ये देऊन उपयोग नाही.

विल्यम फॅरिश यांच्यापुढे नेमकी हीच अडचण होती. केंब्रिजमध्ये ते कारखान्यांतल्या यंत्रांवर व्याख्याने देत आणि प्रत्येक यंत्राचे चालते मॉडेल वर्गात दाखवत. इतकी मॉडेल कायमची ठेवायला जागा कुठून आणणार? त्यांनी चाके, आस, दांडे, पकडी असे सुटे भाग बनवून घेतले. व्याख्यानाच्या आधी त्यांतून हवे ते यंत्र जोडायचे, व्याख्यान झाले की सोडवायचे, पुढच्या वेळी त्याच भागांतून दुसरे. जोडणी मदतनीस करत. ही माणसे काही भूमिती शिकलेली नव्हती. कोणता दांडा कुठे बसतो आणि किती अंतरावर, हे त्यांना एका नजरेत कळेल असे ड्रॉइंग हवे होते. फॅरिश यांनी तीन अक्षांना समान न्याय देणारी ही रीत त्यासाठी वापरली आणि १८२२ मध्ये केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आयसोमेट्रिकल पर्स्पेक्टिव्हवर निबंध लिहिला. समांतर प्रक्षेप त्यांच्या आधीही होते. नियम सांगून, नाव देऊन, कामासाठी ते पुढे ठेवण्याचे श्रेय मात्र त्यांचेच. पाठ्यपुस्तकांत फॅरिश यांचे नाव आले तर एका ओळीत येते आणि मदतनिसांचा उल्लेख तर येतच नाही. मला तोच या इतिहासाचा गाभा वाटतो.

इंग्लंडात पुढे थॉमस सॉपविथ या खाणींच्या सर्वेक्षकाने १८३४ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तक काढले. जमिनीखालचे थर आणि बोगदे मालकाला आणि मुकादमाला एकाच कागदावर दाखवायचे, ही त्याची गरज होती. जर्मन अभ्यासकांनी वेगळी दिशा धरली. तीन अक्ष तीन वेगळ्या प्रमाणांत आखूड केले तर काय होते, याचे सर्वसाधारण गणित त्यांनी मांडले. कार्ल पोल्के याने १८५३ मध्ये शोधलेले प्रमेय या शाखेचा मुकुटमणी आहे: कागदावर एका बिंदूतून कुठल्याही लांबीच्या, कुठल्याही दिशेच्या तीन रेषा काढा, तिन्ही एकाच सरळ रेषेत नसल्या म्हणजे झाले, त्या कुठल्या ना कुठल्या घनाच्या तीन कडांचा समांतर प्रक्षेप असतातच. हे वाचून सहज पटत नाही, आणि पटल्यावर विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

या कुटुंबातली भावंडे नवख्याने नावाने ओळखावीत एवढे पुरे. तिन्ही प्रमाणे सारखी ते आयसोमेट्रिक, दोन सारखी ते डायमेट्रिक, तिन्ही वेगळी ते ट्रायमेट्रिक. समोरचा पृष्ठभाग जसाच्या तसा ठेवून खोली तिरकी काढली तर ऑब्लिक. त्यात खोलीचे माप पुरे घेतले तर कॅव्हेलियर, निम्मे घेतले तर कॅबिनेट. आर्किटेक्ट मंडळींची आवड आणखी वेगळी. प्लॅन जसाच्या तसा फिरवून त्यावर भिंती उभ्या करणे त्यांना आवडते, कारण प्लॅनचे कोन खरे राहतात. ओग्युस्त श्वाझी याने १८९९ च्या आपल्या वास्तुइतिहासात इमारती खालून वर पाहत समांतर प्रक्षेपात काढल्या, आणि १९२३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात थिओ फान डूसबुर्ख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरांचे रंगीत पृष्ठभाग याच रीतीने मांडले. ती चित्रे सुंदर आहेत. या पुस्तकाचा रस्ता मात्र कारखान्याकडे जातो.

आपल्याकडे हे सारे रेल्वे आणि सार्वजनिक बांधकाम यांच्याबरोबर आले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला पोचली, पुढच्या वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले, आणि त्याच १८५४ साली पुण्यात बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करणारा इंजिनिअरिंग क्लास सुरू झाला. आजच्या सीओईपीचे ते मूळ. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपले व्हीजेटीआय, उभे राहिले. ड्रॉइंग या संस्थांच्या शिक्षणाचा कणा होते. त्याच्याच जोडीला महाराष्ट्रात एक वेगळा प्रवाह वाहत आला, तो शाळेतल्या सरकारी ग्रेड परीक्षांचा. इंटरमीजिएटला बसलेल्या मुलांना घनभूमिती तेव्हाच भेटते. शंकू आणि लोलक यांचे प्लॅन-एलिव्हेशन काढलेली मुले पुढे इंजिनिअरिंगला आली की ड्रॉइंगच्या पहिल्याच तासाला ओळखू येतात. ग्रेड परीक्षा म्हणजे वाढीव गुण, एवढाच अर्थ आता घराघरांत उरला आहे, याचे वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९५० पासून आयटीआयचे जाळे पसरले आणि ड्राफ्ट्समन हा ट्रेड घरोघरी माहीत झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याचे वागळे इस्टेट त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. मग ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. शहाडला सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी. या पट्ट्याचे वैशिष्ट्य असे की एकाच लोकल मार्गावर मशिन शॉप आणि केमिकल प्लँट दोन्ही आहेत. वागळे इस्टेटमधल्या टर्नरला ऑर्थोग्राफिक, म्हणजे प्लॅन-एलिव्हेशन, वाचावे लागते, डोंबिवलीतल्या पाइप फिटरला आयसोमेट्रिक. रंग, रसायने, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या प्लँटमध्ये रिॲक्टर, कंडेन्सर आणि टाक्या यांच्यामध्ये स्टीमच्या, पाण्याच्या, थर्मिक फ्लुइडच्या लाइन इतक्या दाटीने जातात, की प्लॅनवर त्या एकमेकींवर चढून नुसते काळे होते. म्हणून प्रत्येक लाइनचा वेगळा आयसो काढतात. डोंबिवली आणि ठाण्यातून फास्ट लोकल पकडून मुंबईच्या कन्सल्टन्सी ऑफिसांत बोर्डवर बसणारे, आणि तिथून पुढे आखातात गेलेले पायपिंग ड्राफ्ट्समन या विद्येवर घर चालवत आले आहेत.

एक आयसो जवळून पाहू. दोन इंची कार्बन स्टीलची लाइन, शेड्यूल ४०. पंपाच्या डिस्चार्जवरून ती वर चढते, एल्बो घेऊन उत्तरेकडे जाते, पुन्हा एल्बो घेऊन वर, मग टाकीच्या नोझलला. दोन एल्बोंमधल्या उत्तरेकडच्या तुकड्यावर १२०० लिहिले आहे. हे माप मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंतचे. फिटरला हवी ती पाइप कापायची लांबी. दोन इंची लाँग रेडियस एल्बोचे मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर ७६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे मिळून १५२ गेले. वेल्डसाठी प्रत्येक टोकाला दोन मिलिमीटर फट सोडली तर आणखी चार. पाइप कापायचा १०४४. आयसो पट्टीने मोजून हे कधीच निघणार नाही, कारण पायपिंगचा आयसो बहुधा स्केलला काढलेला नसतो. तो दिशा सांगतो, क्रम सांगतो आणि आकडे सांगतो. फॅरिश यांच्या मदतनिसांनाही याहून वेगळे काही नको होते.

आता समजा तीच लाइन वाटेतला बीम चुकवण्यासाठी एकाच वेळी पूर्वेकडे ३००, उत्तरेकडे ४०० आणि वर १२०० अशी तिरकी न्यायची आहे. साइटवर याला रोलिंग ऑफसेट म्हणतात. ही तिरकी रेषा तिन्ही अक्षांपैकी एकालाही समांतर नाही. कागदावर ती जेवढी दिसते तिचा खऱ्या लांबीशी ठरावीक संबंध नाही, आणि तिचा कोन कोनमापकाने मोजला तर उत्तर चुकतेच. म्हणून ड्राफ्ट्समन तिच्याभोवती एक पेटी काढतो, पेटीच्या तीन कडांवर तीन मापे टाकतो आणि त्रिकोण रेघांनी भरून दाखवतो. ३०० आणि ४०० यांचा कर्ण ५००, आणि ५०० व १२०० यांचा १३००. पायथागोरस दोनदा लावला की झाले. कॉलेजात षटकोनी लोलक किंवा पिरॅमिड काढताना आधी पेटी काढा असे सांगतात ते याच कारणाने. अक्षाला समांतर नसलेली रेषा थेट मोजायची नाही, तिची दोन टोके अक्षांवरून जाऊन शोधायची. हा एक नियम रक्तात भिनला तर निम्मे पुस्तक आपोआप सुटते.

दुसरी जागा जिथे मुले अडखळतात ती गोलाची. चौकोनी ठोकळ्यावर २५ मिलिमीटर त्रिज्येचा गोल ठेवला आहे, आयसोमेट्रिक प्रोजेक्शन काढा. कुठूनही पाहिले तरी गोल वर्तुळच दिसतो आणि त्याची त्रिज्या आखूड होत नाही. म्हणून वर्तुळ पुऱ्या २५ चे. पण ठोकळ्यावर गोल जिथे टेकतो तिथपासून त्याच्या मध्यापर्यंतची उंची उभ्या अक्षावर आहे, ती मात्र आखूड होते: २०.४. परिणाम असा की वर्तुळाची तळची कड टेकण्याच्या बिंदूच्याही ४.६ मिलिमीटर खाली जाते. मुलांना वाटते गोल ठोकळ्यात रुतला, आणि ती घाईने त्रिज्या कमी करून टाकतात. खरे तर आपण वरून पाहतो आहोत, गोलाचा पुढचा फुगीर भाग टेकण्याच्या बिंदूला झाकतो आहे. हे ज्याला कळले त्याला आयसोमेट्रिक कळले, असे मी बेलाशक म्हणतो. नुसते ‘गोलाला खरी त्रिज्या’ हे सूत्र पाठ करून गुण मिळतात, समज मिळत नाही.

संगणकाने हे सगळे कालबाह्य केले नाही का, हा प्रश्न पालकही विचारतात. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले, आता त्रिमितीत मॉडेल बांधले की सॉफ्टवेअर त्यातून प्लॅन, एलिव्हेशन, आयसो सगळे काढून देते. मोठ्या प्रकल्पांत पायपिंगचे आयसो आता हाताने काढत नाहीत, हे खरे. पण काढणारा बदलला तरी वाचणारा बदललेला नाही. शेडमधला फिटर, साइट सुपरवायझर, तपासणीला आलेला क्वालिटीचा माणूस, सगळ्यांच्या हातात कागदच असतो. मॉडेलमध्ये एखादा व्हॉल्व्ह भिंतीकडे तोंड करून बसला, तर ते यंत्राला खटकत नाही. आयसो वाचता येणाऱ्याला ते कागदावर दिसते, आणि जोडणी होण्याआधी दिसते. चालू प्लँटमधली जुनी लाइन बदलायची असेल, तर आजही इंजिनिअर टेप आणि पेन्सिल घेऊन जागेवर उभ्याउभ्या हातानेच आयसो काढतो.

प्लँटबाहेरही हे ड्रॉइंग आता सर्वत्र आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांत टॉयलेटच्या प्लंबिंगचे आयसोमेट्रिक काढल्याशिवाय शाफ्टमधले काम नीट होत नाही. फ्लॅटच्या माहितीपत्रकात छत उचलून दाखवलेले घर, सोफा आणि पलंगासह, बहुतेक वेळा याच कुळातले असते. घर घेणाऱ्याने ते आनंदाने पाहावे, पण कार्पेट एरिया तपासायला मापे लिहिलेला प्लॅनच मागावा, कारण त्या चित्रातला पलंग किती लहान काढला आहे हे चित्र सांगत नाही. मुले मोबाइलवर खेळतात त्या शहर वसवण्याच्या अनेक खेळांना आयसोमेट्रिक म्हणतात. त्यांतले बरेचसे खरे तर डायमेट्रिक आहेत. पडद्यावरच्या ठिपक्यांत दोनास एक अशी चढण सोपी पडते, म्हणून रेषा तीसऐवजी साधारण साडेसव्वीस अंशांवर जाते. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

याहून गंभीर कारण शिक्षणाचे आहे. वस्तू मनात फिरवून पाहण्याची ताकद जन्मजात असते, ती एकाला असते आणि दुसऱ्याला नसते, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. मुलींच्या बाबतीत तर तो आणखी घट्ट. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९० च्या दशकापासून अशा कच्च्या मुलामुलींसाठी खास अभ्यासक्रम चालवला. त्यात आयसोमेट्रिक रेखाटन हाताने करण्यावर भर होता. ही ताकद सरावाने वाढते आणि त्या मुली इंजिनिअरिंगमध्ये टिकून राहतात, हे त्यांच्या कामातून पुढे आले. आपल्या पट्ट्यात शहापूर, मुरबाड, कर्जतहून रोज येणारी, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुले-मुली पदविकेला बसतात. पहिल्या सत्रात ड्रॉइंगमध्ये नापास झाले की त्यांची समजूत होते, आपले डोकेच या विषयाचे नाही. हे चूक आहे आणि त्याचा तोटा कुटुंबाला सोसावा लागतो.

या पुस्तकाची मांडणी याच मुलांना समोर ठेवून केली आहे. भाषा मराठी, आणि शब्द मात्र वर्गात आणि शॉपफ्लोअरवर बोलतात तेच: प्लॅन, एलिव्हेशन, आयसोमेट्रिक, ऑफसेट. परीक्षेत आणि नोकरीत तेच शब्द येणार आहेत. सगळी दृश्ये फर्स्ट अँगलमध्ये आहेत, भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ या पुस्तिकेने शाळा-कॉलेजांसाठी तीच पद्धत सांगितली आहे. थर्ड अँगलची ओळख वेगळी करून दिली आहे, कारण अमेरिकन कंपन्यांची ड्रॉइंग इथल्या शॉपमध्ये येतात. लेखकाने एक गोष्ट जाणीवपूर्वक टाळली आहे: सोडवलेल्या शीटचा भरणा. बाजारात अशी पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांनी पास होता येते. इथे प्रत्येक उदाहरण मोकळ्या हाताच्या रेखाटनापासून सुरू होते, मग पेटी, मग अक्षांवरची मापे, आणि शेवटी मिनी ड्राफ्टर. साबणाची वडी सुरीने कापून तिचे आयसोमेट्रिक काढायला सांगितले आहे ते गंमत म्हणून नव्हे. एकदा स्वतः कापलेली तिरकी बाजू कागदावर कशी येते हे हाताला कळले की ते विसरत नाही. वर्तुळासाठी चार केंद्रांची रीत दिली आहे आणि तिने येणारी आकृती खऱ्या लंबवर्तुळाच्या जवळची असते, तंतोतंत तीच नसते, हेही सांगितले आहे. बहुतेक क्रमिक पुस्तके हे सांगायचे सोडून देतात.

पायपिंगवरचा भाग पदविकेच्या अभ्यासक्रमापलीकडे जातो. काही शिक्षक विचारतील, परीक्षेत नसलेले कशाला? माझे उत्तर असे की आपल्या मुलांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर हा आयसो रोज वापरात आहे, आणि तरीही बहुतेकांना तो पदवी हाती आल्यावर नोकरीच्या जागी पहिल्यांदा दिसतो. शिक्षकांना विनंती आहे, की सत्रात निदान एकदा मुलांना एखाद्या शेडमध्ये न्यावे आणि तिथल्या फिटरला आयसो वाचून दाखवायला सांगावे. तो माणूस ज्या क्रमाने बोट फिरवतो तो क्रम शिकवण्यासारखा असतो.

आणि विद्यार्थ्यांनो, पहिले पान उलटण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली डोके घाला. नळापासून भिंतीपर्यंतचा पाइप आणि सिंकपासून जाळीपर्यंतचा पाइप नीट पाहा. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे अशा तीन दिशा ठरवा, टेपने मापे घ्या आणि एका कागदावर नुसत्या रेषांनी दोन्ही लाइन काढून त्यांवर आकडे टाका. मग तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि सिंककडे न पाहता सांगायला लावा, की पाइप पहिल्यांदा कुठे वळतो. त्यांना सांगता आले नाही, तर पुन्हा काढा.